व्हिस्लर: मागचा ब्रेक अखेर ताळ्यावर

कॅनडातल्या व्हिस्लरच्या माउंटन बाइक पार्कमध्ये गार्बान्झो या वरच्या भागावरून थेट गावापर्यंत न थांबता उतरलं, तरी मागचा लिव्हर आता ग्रिपला टेकत नाही! मागच्या नोंदीत गाडं इथेच अडलं होतं: पॅड नवे, रोटर (पॅड जिला पकडतात ती चकती) नवा, तेल नवं, तरी बाइट पॉइंट (लिव्हर दाबताना ब्रेक जिथे पकडतो ती जागा) दर वळणाला वेगळा.

अशा वेळी आधी लक्षणं नीट वेगळी करायला हवीत. लिव्हर कडक, पण बाइक थांबत नाही, तर पॅड तापून चकाकलेत किंवा त्यांना तेल लागलंय. लिव्हर मऊ होऊन आत जातो, तर लाइनमध्ये हवा आहे. कधी लांब, कधी जवळ पकडतो, तर पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड पुढे ढकलणारे दट्टे) तपासा. इथे चारपैकी एक पिस्टन जवळजवळ जाम होता. बाकीचे तीन जास्त पुढे येत, रोटर एका बाजूला रेटला जाई, पॅड तिरके झिजत. ब्लीड (लाइनमधली हवा बाहेर काढणं) कितीही केलं तरी हे सुटत नाही.

चाक आणि पॅड काढले. तीन पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दाबून धरायचे आणि ब्रेक हलकेच दाबून चौथा दोन-तीन मिलिमीटरच बाहेर आणायचा. जास्त आला तर निखळून तेल सांडतं. कडेची काळी घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कापसाच्या काडीने मिनरल ऑइलचा थेंब फिरवायचा, परत आत ढकलायचं. चारही पिस्टन एकत्र सरकेपर्यंत हेच. स्क्रूड्रायव्हर लावू नका, सिरॅमिक पिस्टनचा टवका उडतो.

मग ब्लीड. मागचा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात तो भाग) फ्रेमवर असताना हवेचे बुडबुडे त्यातच अडकून बसतात, म्हणून तो सोडवून होजसह खाली लोंबता ठेवला, निपल (तेल भरायचं तोंड) वर. पॅडच्या जागी ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा ठोकळा) घालून सिरिंजने खालून तेल चढवलं, होजला टिचक्या मारत. स्वस्त किटमधल्या नळ्या निपलवरून हमखास निसटतात. नळीला क्लिप असलेलाच किट घ्या. शेवटी लिव्हर वर-खाली तिरका करून उरलेले बुडबुडे लिव्हरवर लावलेल्या फनेलमध्ये काढले. पॅड बसवण्याआधी कॅलिपर अल्कोहोलने स्वच्छ.

बेडिंगसाठी (पॅड आणि रोटर एकमेकांना रुळवायला) वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत वीसेक वेळा ब्रेक, चाक लॉक न करता. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड ओल्यात किंचाळतात, पण इतक्या लांब उतारावर रेझिनपेक्षा तेच बरे. फक्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ छापलेलं नाही ना, ते बघा. आमचं मत, पॅडचे जोड व्हॅन्कुव्हरहूनच घेऊन निघावं. ऐन सीझनमध्ये वर आल्यावर शोधाशोध नको.

यानंतर मागच्या चाकाला 220 मिलिमीटरचा रोटर लावायचा बेत होता. पण पॅड झिजण्याचं खरं कारण ए-लाइन या ट्रेलवरचे ब्रेकिंग बम्प्स (सगळ्यांच्या ब्रेक मारण्याने जमिनीत पडलेले उंचवटे) वाटतात. रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) हळू असला की फोर्क एका बम्पमधून वर यायच्या आत दुसरा येतो, फोर्क खालीच बसत जातो, हात भरून येतात आणि बोट लिव्हरवरून उठत नाही. म्हणून आधी रिबाउंड दोन क्लिक जलद. मोठा रोटर लावायचाच झाला तर पुढच्या चाकाला, कारण थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. फोर्कच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा बघूनच अडॅप्टर मागवायचा. तोवर पॅडची जाडी व्हर्नियरने मोजून टेपवर लिहून ठेवलीय. टॉप ऑफ द वर्ल्डवरचा बर्फ वितळून ट्रेल उघडली की परत मोजू.