प्रेडनिसोलोन एकदम सोडू नका, ग्रंथी झोपलेली असते

चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काडीसारखे. दंडाला कुणी जरा घट्ट धरलं तरी निळा डाग उमटतो. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे. अंगात कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन, जास्त झाल्याची ही सगळी चिन्हं, आणि सकाळी आठला रक्त काढून पाहिलं तर कॉर्टिसॉल १.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे जवळपास नाहीच. लॅबची चूक झाली असेल म्हणून तपासणी पुन्हा केली तरी आकडा तोच येतो.

चूक नसतेच. माणूस बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोनसारखं कॉर्टिसॉलचं काम करणारं औषध, घेतोय आणि त्याची स्वतःची अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम टाकून बसली आहे. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन कॉर्टिसॉलच्या तपासणीत जवळजवळ दिसतच नाही. प्रेडनिसोलोन मात्र बऱ्याच यंत्रांवर कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं आणि आकडा उगाच बरा दाखवतं. म्हणून रिपोर्ट वाचायच्या आधी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करावी.

त्या पिशवीत काय काय निघतं? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तर असतातच. शिवाय गुडघेदुखीवर ‘दोन दिवसांत मोकळं’ करणारी बिनलेबलाची पुडी, दम्यावरचं चूर्ण, चेहरा उजळवणारं क्रीम, नायट्यावरचं मलम. ‘हे काय औषध नाही, साधं मलम आहे’ असं ऐकलं की ट्यूब हातात घेऊन वाचावी. क्लोबेटासॉल हे जोरकस स्टेरॉइड असेल आणि ते अंगभर महिनोन्‌महिने लावलं जात असेल, तर कातडीतून शोषलं जाऊनही ग्रंथी झोपते. नायट्यासाठी दिलेलं इट्राकोनाझोल यकृतातलं स्टेरॉइडचं विघटन मंदावतं, त्यामुळे दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसुद्धा अंगात साचू शकतं. सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शनंही हिशेबात धरा, ती लोक हटकून सांगायचं विसरतात.

पुडीची जादू समजण्यासारखी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेला माणूस काही दिवसांत चालू लागला. १९५० मध्ये त्यासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं. त्या कॉर्टिसोनची कडू फळं मात्र लवकरच दिसू लागली. बिनलेबलाच्या पुडीत तर मात्रा किती, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता ग्रंथी झोपते म्हणजे नक्की काय होतं ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर चार-पाच ग्रॅमची एकेक अ‍ॅड्रिनल बसलेली असते, उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी. आतला गाभा अ‍ॅड्रिनॅलिन करतो, त्याचा इथे फारसा संबंध नाही. बाहेरच्या सालीचे तीन थर असतात. सगळ्यात वरचा मीठ-पोटॅशियमचा तोल सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बनवतो, मधला जाड थर कॉर्टिसॉल, आणि आतला पुरुषी हार्मोनांचा कच्चा माल. वरच्या थराला हुकूम येतो तो मूत्रपिंडातल्या रेनिनकडून आणि रक्तातल्या पोटॅशियमकडून. खालच्या दोन थरांचा मालक वेगळा: मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतो, त्यावरून मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन सोडते, आणि एसीटीएच आलं की ग्रंथी कॉर्टिसॉल करते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी गप्प बसतात. पहाटे हे चक्र जोरात असतं, मध्यरात्री जवळजवळ थांबतं. शरीर दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतं.

बाहेरून आयतं मिळायला लागल्यावर एसीटीएच येणं बंद होतं, आणि एसीटीएचशिवाय मधला थर अक्षरशः आकसतो. वरचा थर शाबूत राहतो. म्हणूनच गोळ्या सोडलेल्या माणसाचं सोडियम उतरू शकतं, पण पोटॅशियम चढत नाही आणि कातडी काळवंडत नाही. अ‍ॅडिसनच्या आजारात ग्रंथीच नष्ट होते, तीनही थर जातात, एसीटीएच आभाळाला भिडतं आणि त्याच्याबरोबर रंगही. आपल्या सावळ्या कातडीवर तो रंग चेहऱ्यावर शोधून उपयोग नाही. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या आणि नवीन जखमेचे व्रण पाहावेत. मीठ खावंसं वाटतं का, हेही विचारावं, रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो.

साधारण नियम असा: तीन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ, शरीराच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त मात्रा घेतली असेल, तर ग्रंथी झोपली आहे असं धरून चालायचं. रोजची गरज म्हणजे प्रेडनिसोलोन अंदाजे ५ मिलिग्रॅम. त्याच तोलाचं हायड्रोकॉर्टिसोन २०, मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६, बीटामेथासोन ०.६ आणि डेक्सामेथासोन ०.७५. ‘अर्धीच गोळी घेतो’ हे ऐकून निर्धास्त होऊ नये, कारण डेक्सामेथासोनची अर्धा मिलिग्रॅमची गोळी दिसायला चिमुकली असली तरी रोज दोन घेतल्या की गरज ओलांडली.

कमी करताना वरच्या टप्प्यात घाई चालते, खाली नाही. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमच्या वर असेल तर दर आठवड्याला ५ ते १०ने उतरता येतं. ४० ते २० दरम्यान एक-दोन आठवड्यांनी ५. २० ते १० मध्ये एक ते चार आठवड्यांनी १ ते २.५. १०च्या खाली एका वेळी १ मिलिग्रॅम, आणि तेही एक ते चार आठवडे थांबून. हा सगळा हिशेब मूळ आजार शांत आहे असं धरून. बहुतेकांची गाडी अडते ती १० आणि ५ यांच्या मध्ये. सांधे दुखतात, अंग मोडून येतं, मन उदास होतं. हे मूळ दुखणं उलटलं म्हणून, स्टेरॉइडची सवय सुटताना होणारा त्रास म्हणून, की खरोखर कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून? लक्षणांवरून तिन्ही सारखीच दिसतात. अशा वेळी एक पायरी वर चढून थांबण्यात कमीपणा नाही.

५ मिलिग्रॅमवर आल्यावर सकाळी आठ-नऊच्या दरम्यान कॉर्टिसॉल तपासावं, आदल्या गोळीनंतर २४ तास गेलेले असताना. इथेच घोळ होतो: नेहमीची सकाळची गोळी घेऊन माणूस लॅबमध्ये पोचतो आणि रिपोर्ट कामातून जातो. रक्त आधी, गोळी नंतर. कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली, गोळी थांबवता येते. ५ ते १० असेल तर तीच मात्रा चालू ठेवून काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा. ५च्या खाली असेल तर अजून वेळ आहे, काही महिने थांबा. पिट्यूटरी आधी जागी होते, आकसलेली ग्रंथी मागाहून, आणि त्यात सहा महिने ते वर्षभरही सहज जातं.

या मधल्या काळात खरा धोका साध्या तापाचा असतो. निरोगी माणसाची ग्रंथी आजारपणात कॉर्टिसॉल कितीतरी पटीने वाढवते, झोपलेलीला ते जमत नाही. म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोनची रोजची मात्रा दुप्पट, १०२.२च्या वर तिप्पट, बरं वाटेपर्यंत दोन-तीन दिवस, आणि मग पुन्हा पूर्ववत. प्रेडनिसोलोनवर असलेल्यांनी आपली आजारपणाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. तीही पोटात राहिली नाही किंवा जुलाब थांबत नसतील, तर घरात थांबायचं नाही. रुग्णालयात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा मांडीच्या स्नायूत, पहिल्या तासात एक लिटर सलाइन, आणि मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम. हे इंजेक्शन रिपोर्टची वाट पाहत थांबवायचं नसतं. कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त काढून ठेवलं की झालं.

या ग्रंथीशी क्षयरोगाचा संबंध आपल्याकडे विसरून चालत नाही. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये ग्रंथी नष्ट होण्याच्या आजाराचं वर्णन केलं तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या, आणि भारतात क्षय अजूनही या आजाराचं मोठं कारण आहे. गंमत म्हणा की वैताग, क्षयाचंच औषध रिफाम्पिसिन यकृतात कॉर्टिसॉल लवकर संपवतं. अर्धवट चालणाऱ्या ग्रंथीचा माणूस उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रक्तदाब उतरून कोसळतो तो यामुळेच. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांना रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत साधारण दुप्पट मात्रा लागू शकते. थायरॉइडचंही तसंच: दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, उलटा क्रम केला तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही वेगाने संपतं.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ (ग्रंथी थकणं) या नावाखाली विकल्या जाणाऱ्या डब्यांबद्दल एवढंच, की असा आजार नाही, आणि अशा काही डब्यांत खरं स्टेरॉइड सापडलेलं आहे.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. आपण कोणतं स्टेरॉइड, किती मात्रेत, कधीपासून घेतो ते लिहा. खाली मोठ्या अक्षरांत: ‘अपघात, शस्त्रक्रिया, सततच्या उलट्या किंवा बेशुद्धी असेल तर लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या.’ मात्रा बदलली की चिठ्ठी नव्याने लिहा, आणि गोळी बंद झाल्यावरही वर्षभर ती फाडू नका.