लिबर्टी सिटी स्टोरीज, नोंद ५ : दोष पोर्टचा नव्हता, पन्नास हर्ट्झचा होता

सापडलं. एकदाचं सापडलं! 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतल्या 'लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) आवृत्तीत बाइक वळवताना मला दोन महिने जो जडपणा जाणवत होता, त्याचं कारण परवा रात्री साडेबाराला सापडलं. म्हणून सगळ्यात आधी मागच्या नोंदीतलं एक वाक्य मागे घेतो. 'रॉकस्टार लीड्सने पोर्ट घाईत उरकलाय' असं मी लिहिलं होतं (लीड्स म्हणजे गेम बनवणारे, पोर्ट म्हणजे एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर नेणं). ते चूक होतं.

मांडणी तुम्हाला माहीत आहेच. एका बाजूला हातात धरून खेळायचं पीएसपी-३००० आणि २००५ चा मूळ गेम यूएमडी या त्याच्या छोट्या डिस्कवर. दुसऱ्या बाजूला इथेच घेतलेला पीएस२ स्लिम आणि २००६ च्या पोर्टची पाल डिस्क, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची. प्रत्येक मिशन दोन्हीकडे खेळायचं. एकदा पीएसपी आधी, पुढच्या वेळी पीएस२ आधी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला मिळत नाही. गेममधल्या शहराच्या सेंट मार्क्स भागापासून सुरू करून पोर्टलँड बेटावरची बरीच मिशनं अशी जोडीने झाली होती, आणि मग मारिया या पात्राच्या 'बायकर हीट' मिशनला गाडी अडली.

ज्यांनी हे मिशन खेळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाइकवरून दुसऱ्या बाइकमागे सुसाट जायचं, आणि एक वळण चुकलं की तो हातचा गेला. पीएसपीवर मला ते तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पीएस२ वर अकरावा प्रयत्नही फसला. दोनदा तर सरळ पाण्यात गेलो, आणि गेमच्या नायकाला, टोनीला, पोहता येत नाही हे आपल्याला माहीत आहेच. खरं तर पीएस२ वर हे सोपं जायला हवं. हातात पूर्ण आकाराची स्टिक आहे, एल२-आर२ ने डावी-उजवीकडे बघता येतं. पीएसपीवर अंगठ्याने सरकवायचा तो एवढासा नब, आणि पायी चालताना कॅमेरा फिरवायचा तर एल दाबून धरून त्याच नबने. तरीही पीएस२ वर बाइक गुळातून चालवल्यासारखी वाटत होती. मी वळवायचो तेव्हा वळायची नाही, थोड्या वेळाने वळायची.

पहिला संशय पीएस२ नव्या टीव्हीला जोडणाऱ्या एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरवर. ऑनलाइन मागवलेली ती पांढरी डबी मी आता कोणालाच सुचवणार नाही. चित्र उशिरा पोहोचतं, रंग फिकट होतात, आणि विक्रेत्याने तक्रारीला उत्तरही दिलं नाही. मग मावशीच्या माळ्यावरचा २१ इंची डब्बा टीव्ही खाली आणला. पाठीमागे कंपोनंटच्या, म्हणजे जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या जोडणीच्या, तीन पिना आहेत हे पाहून मला केवढा आनंद झाला, ते या छंदातल्या माणसालाच कळेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका काकांनी पीएस२ ची कंपोनंट केबल शोधून दिली, आणि पिनेवरचा गंज कसा पुसायचा तेही समजावलं. अशी दुकानं टिकायला हवीत. तिथेच जुन्या डिस्कच्या ढिगात 'देसी अड्डा'ची पीएस२ डिस्क मिळाली. २००९ चा हा आपल्या मातीतला गेम पीएसपीवरही आला होता, म्हणजे जोडीने तपासायला आणखी एक मिळाला. पण तो नंतर.

डब्बा टीव्हीवर उशीर कमी झाला. पण गेला नाही.

दुसरा संशय कंट्रोलरवर. मित्राकडून कमी वापरलेला ड्युअलशॉक २ आणला, काही फरक नाही. तिसरा संशय डिस्कवर. लेन्स पुसली, डिस्क पुसली, तरी तसंच. तेव्हा कुठे मी ठरवलं की दोष पोर्टचाच आहे, आणि मागची नोंद लिहून मोकळा झालो.

खरी गोष्ट आईने दाखवली. पीएसपी-३००० मधून खेळाचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी, काढता येतं, त्यामुळे ते जुन्या टीव्हीलाही चालतं (पीएसपी-२००० वाल्यांना ही सोय नाही, त्यांचा खेळ फक्त प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे सलग ओळींनी, बाहेर पडतो). दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीला जोडून मी आलटून पालटून पोर्टलँड बीचवर फिरत होतो. गेममध्ये दुपार होती, वर लख्ख आकाश. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "हे दुसरं यंत्र लावलंस की चित्र थरथरतं रे. मघाचं लहान होतं, पण डोळ्यांना बरं होतं."

मी टीव्हीकडे सरळ बघत होतो म्हणून मला ते दिसत नव्हतं. आई तिरक्या नजरेने बघत होती. डोळ्याच्या कडेने बघितलं की ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उमटणाऱ्या चित्राची, थरथर लगेच कळते. पीएसपी ६० हर्ट्झचं यंत्र आहे. त्याच्या गेममध्ये पाल-एनटीएससी (अमेरिकेतली ६० हर्ट्झची पद्धत) हा भेदच नाही, यूएमडी कुठलीही घाला. माझी पीएस२ डिस्क मात्र पाल, ५० हर्ट्झ. आणि माझ्या डिस्कवर ६० चा पर्याय कुठे सापडला नाही.

तरी एक शंका होती. ५० हर्ट्झमुळे खेळच हळू चालतोय का? जुन्या कितीतरी पाल गेमचं तसं व्हायचं. या मालिकेत गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे तपासणं सोपं होतं. फोनचं स्टॉपवॉच लावलं आणि एका कोपऱ्यात टोनीला उभं करून गेमचा एक तास मोजला. दोन्हीकडे साठ सेकंद, एका सेकंदाचाही फरक नाही. म्हणजे लीड्सच्या लोकांनी वेळ नीट सांभाळली आहे. शहर त्याच वेगाने चालतंय, फक्त आपल्याला त्याची चित्रं कमी मिळतायत.

चित्रं किती कमी, ते फोनच्या स्लो-मोशनने मोजलं. सेकंदाला २४० फ्रेम. डब्बा टीव्हीचं असं चित्रण कधी केलं नसेल तर जरूर करा. उजेडाचा पट्टा वरून खाली सरकत जातो, आणि त्याच्या मागोमाग चित्र विझत येतं. मी बाइकच्या मागच्या चाकावर नजर ठेवून एकेक फ्रेम पुढे नेली. पीएसपीवर चाकाची जागा फोनच्या दर ८ फ्रेमनंतर बदलत होती, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. पीएस२ वर कधी ९, कधी १० नंतर, म्हणजे २५. टॅक्सी उडवली की हे अंतर पीएस२ वर फोनच्या १४ फ्रेमपर्यंत जायचं, पीएसपीवर १२ पर्यंत. दोन्ही यंत्रं धापा टाकतात, पण पाल पीएस२ च्या दोन पावलांमधलं अंतर मुळातच जास्त आहे.

आता हे बाइकवर बसवून बघा. ताशी १०८ किलोमीटरने जाणारी बाइक सेकंदाला ३० मीटर कापते. तीस चित्रांत प्रत्येक पाऊल एक मीटरचं, पंचवीस चित्रांत १.२ मीटरचं. त्यात भर पडद्याची. पीएसपीच्या ४.३ इंची पडद्यावर ते पाऊल दाण्याएवढं दिसतं, डोळा त्याला माफ करून टाकतो. तेच २१ इंचावर बोटभर होतं. मी ज्याला स्टिअरिंगचा दोष समजत होतो, त्यातला बराचसा भाग माझ्या डोळ्यांना मिळणाऱ्या तुटक पावलांचा होता. उरलेला त्या कन्व्हर्टरने माझ्या हाताला लावलेल्या सवयीचा. उशीर गृहीत धरून मी आधीच वळवायला शिकलो होतो, आणि डब्बा टीव्हीवरही तसंच वळवत होतो!

हे कळल्यावर पुन्हा 'बायकर हीट' लावलं. आधी वळवणं बंद केलं, नजर बाइकवरून काढून पुढच्या चौकावर ठेवली. दुसऱ्या प्रयत्नात झालं. रात्रीचा एक वाजला होता, ओरडता येत नव्हतं, म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता निवाडा पुन्हा मांडतो, कारण मागचा रद्द झाला. हा पोर्ट प्रामाणिक आहे. उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवता येतो, एवढ्या एका गोष्टीने शहर वेगळं वाटायला लागतं. पीएसपीवर मी स्टॉन्टन बेटावरच्या इमारतींकडे मान वर करून कधी बघितलंच नव्हतं, कारण एल धरून नब फिरवण्याचा कंटाळा. पीएस२ वर बघितलं. दूरचे रस्तेही मला जास्त स्पष्ट दिसतात. गेलं काय, तर सहा जणांचा मल्टिप्लेअर, आणि तो मला खरोखर सलतो. हॉस्टेलच्या जिन्यात दोन पीएसपी घेऊन बसलेल्या संध्याकाळी या डिस्कमध्ये नाहीत. मिशनांचा आखूडपणा घरच्या टीव्हीसमोर जाणवतो. बसमध्ये दोन थांब्यांत संपणारं काम सोफ्यावर बसून केलं की 'एवढंच?' वाटतं. पण तो मूळ गेमचा स्वभाव आहे, पोर्टचा दोष नाही. अमेरिकेत तो आला तेव्हा किंमत १९.९९ डॉलर होती, नव्या गेमच्या निम्म्याहूनही कमी. विकणाऱ्यांनीही त्याला जोड म्हणूनच बघितलं होतं, आणि ती जोड चांगली जमली आहे.

इथपर्यंत लिहून 'पुढच्या महिन्यात व्हाइस सिटी स्टोरीज सुरू' असं म्हणणार होतो. याच जोडीतला हा दुसरा गेम : २००६ चा पीएसपी, २००७ चा पीएस२, नायक व्हिक व्हान्स, धंदे ताब्यात घेणं, ९९ लाल फुगे, सगळी तयारी झाली होती. पण लिहिता लिहिताच ध्यानात आलं की तीही माझ्याकडे पाल डिस्क आहे. म्हणजे पुन्हा ६० विरुद्ध ५०, पुन्हा तीच अर्धवट तुलना. पीएसपीच्या तीस चित्रांसमोर पीएस२ ची तीस चित्रं ठेवल्याशिवाय पोर्टबद्दल काही म्हणण्याचा मला हक्क नाही.

म्हणून बेत बदलला. न्यू जर्सीच्या मावसभावाला आत्ताच फोन केला. त्याच्या बेसमेंटमध्ये तिकडचा पीएस२ स्लिम धूळ खात पडलाय, सोबत दोन्ही 'स्टोरीज'च्या एनटीएससी डिस्क. तिकडच्या विजेची अडचण नाही, कारण माझा आणि त्याचा दोन्ही बाहेर अॅडॉप्टर असलेल्या ७०००० मॉडेलच्या पिढीतले, ८.५ व्होल्टवर चालणारे. माझाच अॅडॉप्टर त्याला लावेन. डब्बा टीव्ही एनटीएससी घेतो, ते पीएसपीने आधीच सिद्ध केलंय. एकच दुःख, पाल डिस्कचे सेव्ह (साठवलेला खेळ) एनटीएससी डिस्क ओळखणार नाही. म्हणजे 'होम स्वीट होम' या पहिल्या मिशनपासून पुन्हा, तिसऱ्यांदा.

मोजमापाची पद्धतही बदलतोय. मिशनमध्ये नशिबाचा भाग फार. त्याऐवजी एकच रस्ता : सेंट मार्क्सच्या घरून निघायचं, चायनाटाउनमधून ट्रेन्टन, आणि शेवट हार्वूडला. तीच बाइक, तीच गेममधली वेळ, स्लो-मोशन चालू. प्रत्येक यंत्रावर दहा फेऱ्या. तुमच्यापैकी कोणाकडे एनटीएससी डिस्क आणि २४० फ्रेमचा फोन असेल, तर हाच रस्ता मोजून मला आकडे पाठवा. यंत्राच्या खालचा मॉडेल नंबरही लिहा.

भाऊ गणपतीला येतोय. कन्सोल सामानात टाकू नकोस, हातातल्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून आण, असं त्याला दोनदा बजावलंय. तोवर व्हाइस सिटी स्टोरीजची डिस्क डबीतच राहील.