नुसती सही

रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभूची प्रार्थना सुरू झाली की एका ओळीपाशी माझा आवाज आपोआप खाली येतो. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.' शेजारचे म्हणून मोकळे होतात. मी मात्र सोमवारी सकाळी थकबाकीदारांची यादी हातात घेणारा माणूस. बेळगावातल्या एका सहकारी पत सोसायटीत मी वसुली अधिकारी आहे. त्याआधी कर्ज विभागात होतो आणि त्याही आधी सहा वर्षं दुकानोदुकानी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा केली.

आमची मंडळी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, १९०४ साली ते काम मेथडिस्टांकडे गेलं, आणि या दोन सालांच्या मध्ये कधीतरी आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. घरात मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, आणि बाहेर कन्नड कारभार यातच आम्ही वाढलो. कन्नड भक्तीला बसलो की तीच ओळ वेगळी ऐकू येते. तिथे ऋण नाही, 'तप्पु' आहे, म्हणजे चूक, अपराध. कन्नड बोलणाऱ्या भावाबहिणींना ती ओळ म्हणताना खातेवही आठवत नसेल. मला दरवेळी आठवते.

वसुली म्हणजे दारात आरडाओरडा, असं लोकांना वाटतं. खरं काम कागदावर चालतं, आणि ते कर्जदाराभोवती नाही, जामीनदाराभोवती फिरतं. कर्जदार गाव सोडतो, नंबर बदलतो. जामीनदार मात्र घरी सापडतो, कारण घर-दार, रेशनकार्ड, इज्जत असलेला माणूस बघूनच आपण त्याची सही घेतलेली असते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याला पकडा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय साध्या जामिनात नसते. हे शंभरातल्या नव्वद जामीनदारांना सही करताना ठाऊक नसतं. आणि ठाऊक नसलेलंच बरं, अशा बेतानं आमच्या धंद्यात सह्या घेतल्या जातात.

मार्चअखेर आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. इकडे मी उपवास धरलेला असतो आणि तिकडे रोज संध्याकाळी किती आणलं याचा हिशेब द्यायचा असतो. काही सहकारी मुद्दाम जेवणाच्या वेळेला जातात, पाहुणे आले असतील तर अधिकच मोठ्यानं बोलतात. मी ते कधी केलं नाही. एवढ्यावरच मी स्वतःला चांगला ख्रिस्ती समजत होतो.

कर्ज सोडून देणं माझ्या हातात नाही, हेही सांगायला हवं. पैसा माझा नाही, संस्थेचाही नाही. रविवार पेठेत कोथिंबीर-मिरची विकणारी एक मावशी मला रोज पन्नास रुपये पिग्मी द्यायची. नोटा ओल्या असायच्या. मुलीच्या लग्नाला तिनं खातं मोडलं तेव्हा काउंटरवर दोनदा मोजून घेतले होते. कोणाला काही माफ करावंसं वाटलं की त्या ओल्या नोटा मला आठवतात. म्हणूनच मोठ्या थकबाकीदारांची खाती मार्चमध्ये नवं-जुनं करून साफसूफ दाखवली जातात तेव्हा माझा संताप होतो. नव्या कर्जातून जुनं फेडलेलं दाखवायचं आणि जप्तीची गाडी मात्र दोन खोल्यांच्या घरापुढे न्यायची. संचालकांच्या नातेवाइकाच्या दारात मला कोणी आजवर पाठवलेलं नाही.

तर ही केस. २०१७ साली वडगावातल्या एका तरुण वीणकराला दोन जुने यंत्रमाग घ्यायला आम्ही तीन लाखांचं कर्ज दिलं. जामीनदार दोन. एक नोकरदार, तो पुढे वारला. दुसरे त्याच गल्लीतले साठीचे काका, स्वतःचे दोन माग असलेले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पोराच्या मागांत पाणी गेलं. मोटरी भरून घेतल्या तोवर २०२० चा लॉकडाऊन आला. साड्यांचा उठाव थांबला, सूत देणाऱ्या शेठनं हात वर केले आणि एका रात्री पोरगा बायकोमुलांसह निघून गेला. आम्ही १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० खाली दावा लावला. काकांना नोटिसा गेल्या. कन्नडमध्ये. काकांचं शिक्षण मराठी चौथी. त्यांनी नोटिसा देव्हाऱ्यामागे नीट घडी घालून ठेवल्या, तारखेला गेले नाहीत, आणि निवाडा एकतर्फी झाला. व्याजासकट तीन लाख चौऱ्याऐंशी हजार.

गेल्या मार्चमधल्या एका गुरुवारी आम्ही जप्तीला गेलो. सहकार खात्याचे विक्री अधिकारी, दोन पंच, आमचा एक नवा पोरगा, टेम्पो, आणि मी. गल्लीच्या तोंडापासून मागांची खटखट ऐकू येत होती. वडगावात या आवाजात माणसं गप्पा मारतात, लेकरं झोपतात. माग थांबला तरच ती दचकून उठतात.

दाराशी मी थांबलो. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात लिहिलंय, की शेजाऱ्याला उसनं दिलं तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. वसुलीचं काम लागल्यापासून मी हा नियम पाळतो, उंबरा ओलांडत नाही. त्याच अध्यायात चार ओळी वर आणखी एक नियम आहे. जात्याची खालची किंवा वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसं करणं म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं. हा नियम मी कधी लक्षात घेतला नव्हता. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरून आत बघताना तो आठवला. डाव्या मागावर जांभळ्या काठाची साडी निम्मी उतरली होती. काकांची सून खाली बसून कांड्या भरत होती. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. काका एका हाताने तुटलेला धागा जोडत होते. दोन बोटांत चिमटीत धरून, ओठांनी ओला करून, न बघता.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत. विजेवरचा माग हे अवजार की यंत्र, यावर वकील बोलत राहतात. काकांच्या बाजूनं बोलायला वकीलच नव्हता.

त्यांनी खटका बंद केला. आवाज थांबला तशी शेजारची दारं उघडली. विक्री अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये वाचायला सुरुवात केली आणि काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुम्हीच आलतासा नव्हं सही घ्यायला? मी विचारलं होतं की ओ, काय लिवलंय म्हणून. तुम्ही म्हणालासा, नुसती सही हाय काका. पोराची वळख दिल्याची."

ते भांडत नव्हते. आठवतंय का, एवढंच विचारत होते.

मला आठवत होतं. त्या दिवशी तालुक्याच्या तीन फाइली पुऱ्या करायच्या होत्या. जामिनाचा फॉर्म चार पानांचा, सगळा कन्नड. तो मराठीत समजावून सांगायला पाऊण तास लागतो आणि समजावला की निम्मे लोक उठून जातात. म्हणून कर्ज विभागात आम्ही सगळेच ते वाक्य म्हणायचो. सीमाभागात भाषेवरून मोर्चे निघतात, पाट्यांवरून भांडणं होतात, पण गरिबाच्या पुढ्यातला कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायला कोणी बसत नाही. मीही मराठी माणूसच, आणि बसलो नव्हतो. मी खोटं बोललो होतो. चहा पिऊन, पोराला 'बघ हं, काकांचं नाव राख' असा उपदेश करून निघालो होतो.

आमचा नवा पोरगा माझ्या कानात म्हणाला, "सर, उत्तर देऊ नका, रेकॉर्ड होतंय कुठंतरी." चांगला मुलगा आहे. त्याला हेच शिकवलं गेलंय, आणि शिकवणाऱ्यांत मी आहे.

मी विक्री अधिकाऱ्यांना म्हणालो, हे खरं सांगतायत, मी तसं म्हणालो होतो, पंचनाम्यात लिहा. ते चिडले. पंचनाम्यात जे दिसतं ते लिहायचं असतं, सात वर्षांपूर्वीचं बोलणं नाही. त्यांचं बरोबर होतं. मग मी टेम्पोच्या बॉनेटवर कोरा कागद ठेवला आणि स्वतःच्या सहीचं निवेदन लिहायला घेतलं. ते कन्नडमध्येच लिहावं लागणार होतं, नाहीतर फाइलीत त्याला कोणी विचारणार नाही. तारीख लिहिली, कर्ज खाते क्रमांक लिहिला, काकांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते लिहिलं. शेवटच्या ओळीला पेन अडलं. 'इदु नन्न तप्पु.' ही माझी चूक. इतकी वर्षं मी मराठी प्रार्थनेतल्या ऋणापाशी अडत होतो, ते दुसऱ्यांचं ऋण होतं. कन्नडमधला शब्द माझ्यासाठी होता. तो मी गल्लीत, पंचांसमोर, थरथरत्या अक्षरात लिहिला.

माग त्या दिवशी हलले नाहीत. विक्री अधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं आणि 'वरिष्ठांकडे पाठवतो' म्हणून पुढची तारीख टाकली. त्यांना तसं करायची सक्ती नव्हती. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत, पण कागदाची घडी खिशात नीट घातली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मला मेमो मिळाला. मॅनेजर म्हणाले, उद्या प्रत्येक जामीनदार 'मला सांगितलं नव्हतं' म्हणून उभा राहील, ठेवीदारांना काय तोंड दाखवणार? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकीचं बोलत नव्हते. वकील म्हणतात, निवाडा होऊन मुदत उलटली आहे, माझं निवेदन जोडून अर्ज टाकू, पण खात्री देता येत नाही. बायको रात्री म्हणाली, "खरं बोललासा ते बरं केलंसा. खरं तेव्हाच बोलायचं होतं." आमच्याकडे 'पण' म्हणायलाही 'खरं'च म्हणतात. तिच्या वाक्यातला कुठला 'खरं' कुठला हे शोधत मी पडून राहिलो.

जक्कय जकातदार होता. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये मला त्याचं झाडावर चढणं आवडायचं. आता ते चौपट डोक्यात बसलंय. मी काकांचं काय घेतलं? पैसा नाही. त्यांना विचार करायला मिळायला हवी होती ती पाऊण तासाची वेळ मी घेतली. ती चौपट कशी द्यायची?

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी एकटाच वडगावला गेलो. फॉर्मची झेरॉक्स घेऊन. पैसे द्यायची तयारी ठेवून गेलो होतो, दर महिन्याला माझ्या पगारातून काही. तो विषय काढताच काकांनी हात आडवा केला. "तुमचं पैसं नको. संस्थेचं संस्थेला द्यायला लागलं तर बघू." लाईट गेली होती, माग बंद होते. मी म्हणालो, काका, हा कागद वाचून दाखवतो, सगळा. त्यांनी सुनेला चटई टाकायला सांगितली आणि त्या दिवशी, वसुलीत आल्यापासून पहिल्यांदा, मी तो उंबरा ओलांडला.

एकेक कलम कन्नडमध्ये वाचायचं, मग मराठीत सांगायचं. काका मध्ये थांबवायचे. "म्हंजे तो मेला तरी?" होय. "म्हंजे व्याज बी माझं?" होय. तिसऱ्या कलमाशी ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाचून दावला असतासा तरी सही केली असती मी. बापाविना वाढलेलं पोर हो ते, न्हाई कसं म्हणूचं? खरं वाचायला पायजे होतं तुम्ही."

मी होय म्हणालो.

सहावं कलम चालू असताना लाईट आली. शेजारचे माग एकेक करत सुरू झाले. काका गुडघ्यावर हात टेकून उठले, खटका दाबला, धाग्याला चिमटीत धरलं. आवाजावरून ओरडून म्हणाले, "पुढल्या शनवारी या. सातवं ऱ्हायलंय."