तुम्ही विचारलंत म्हणून: "हिचे पार्ट मिळतात का अजून?"

सोलापुरात सात रस्त्याला माझ्या जुन्या फियाटमध्ये पेट्रोल भरताना पंपावरचा पोरगा हे विचारतो. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला रिक्षावाला विचारतो. लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी धरून, नात्यातले काका विचारतात. सिग्नल सुटायच्या आत मावेल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी "मिळतात की" म्हणते आणि गियर टाकते. ते धडधडीत खोटं आहे. खरं काय ते आज बैजवार सांगते.

गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव कागदावर, घरात ती फियाटच. अण्णांचा चादरींचा छोटा कारखाना होता. त्यांनी नंबर लावला आणि साडेतीन वर्षं वाट पाहिली. तेवढ्यात, 1983 च्या डिसेंबरात, मारुती बाजारात आली. सगळे म्हणाले, बुकिंग रद्द करा. अण्णा म्हणाले, "आपल्या गावच्या माणसाची गाडी आहे." गावचा माणूस म्हणजे वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, 1882 चा. प्रीमियर कंपनी त्यांनी 1944 मध्ये काढली. मी तेव्हा शिंगं फुटलेली. मी म्हटलं, अण्णा, कारखाना कुर्ल्यात, इंजिन इटलीचं, आणि वालचंदशेठ 1953 लाच गेले, यात सोलापूरचं काय आहे? अण्णांनी उत्तर दिलं नाही. गाडी आली, डिकीत चादरींचे गठ्ठे बसतात का ते बघितलं, बसले, विषय संपला.

पार्टांचं गणित साधं होतं. ते 1089 सीसीचं इंजिन फियाटने 1937 मध्ये काढलेलं, गाडीचा साचा 1962 चा, आणि आपल्याकडे तो 1964 पासून जवळजवळ तसाच चालत राहिला. त्यात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या. हजारो गाड्या रोज पळतायत, रोज काहीतरी मोडतंय, म्हणजे कोणीतरी रोज ते बनवतंय. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलं की पिशवी भरून यायची. आम्ही टॅक्सीवाल्यांच्या जिवावर गाडी पाळत होतो हे मला फार उशिरा कळलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, पण दुकानांतले खण त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले होते.

मग एके दिवशी स्टिअरिंग थरथरायला लागलं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर टक् टक्. किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती दांडी, तिला धरणारे बुश गेलेले. पुण्याहून मागवले. तेलकट कागदात गुंडाळलेले, वर फियाटचंच नाव. ते बसेनात.

आमच्याकडे मागांची दुरुस्ती करणारे एक टर्नर होते. अशोक चौकाच्या अलीकडे एका बोळात त्यांचा लेथ. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी. त्यांनी पुण्याचा बुश हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "हे काय ट्रॅक्टरचं आणलाय काय अक्का? जुनं शाम्पल कुठाय?" जुना मी नशिबाने टाकला नव्हता. त्यांनी तो कॅलिपरने मोजला, पिन मोजली, झिजेचा अंदाज मनातच धरला. गनमेटलचा रॉड लेथला लावला आणि माझा चहा संपायच्या आत दोन बुश कापून टेबलावर ठेवले. मागाच्या शाफ्टचे बुश करण्यात जन्म गेलेला माणूस. त्याला फियाट काय आणि माग काय, फिरणारी दांडी आणि तिला धरणारं भोक. "दोन थाऊ ढिल्ला ठेवलोय. रीमर मारून घ्या म्हणावं." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, रीमर म्हणजे भोक घासून मापात आणायचं हत्यार.

पहिल्या जोडीला ग्रीसचं भोक पाडायचं राहून गेलं. निपलमधून ग्रीस मारतोय मारतोय, आत काहीच जात नाही. तीन महिन्यांत बुश सुकून पिनेला चिकटला. चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी, कारण जुन्या बुशाचं भोक काळ्या ग्रीसने बुजलेलं होतं आणि मी तो तसाच, न धुता, नमुना म्हणून दिला होता. दुसरी जोडी अजून चालू आहे. तो नमुना आता त्यांच्या भिंतीवर खिळ्याला तारेने लटकतोय, शेजारी मागांचे नमुने. तेव्हापासून मी गाडीचा एकही जुना पार्ट टाकलेला नाही. घरी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे भरलेत. तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर माझ्याकडून एवढं ऐका, मोडलेला तुकडाही धुऊन ठेवा. पार्ट मिळत नाही, पण नमुना असला तर होतो.

तर अण्णा, आता आहे यात सोलापूरचं काहीतरी. आणि तो बोळ जिथे आहे, तिथून वालचंदशेठांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज फार लांब नाही.

दुसरं सोलापूरचं म्हणजे टॉवेल. लोक विचारतात, एसी आहे का? मी म्हणते, आहे, पंप. जुने मिस्त्री इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला एसी पंप म्हणतात. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीला इंजिनाच्या अंगाला चिकटलेला हा पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला द्रव ओढता येतो, वाफ नाही. गाडी दोन आचके देते आणि मरते. अक्कलकोटला जाताना वळसंगच्या पुढे हे माझं चार वेळा झालंय. उपाय एकच: सोलापुरी टॉवेल, जाडजूड, भिजवून पंपावर टाकायचा, सावलीत पंधरा मिनिटं बसायचं. पातळ नॅपकिन पाच मिनिटांत वाळतो, करून बघितलंय.

आता त्यात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी आतून मऊ पडते, पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फुगतो, तुकडे कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात. तक्रार करायला तोंड नाही, कारण आपलाच जिल्हा, आपलाच ऊस. इथेनॉल सोसणारी नव्या गाड्यांची नळी मीटरवर विकत आणून सगळी बदलली. नळीचं काम होतं. डायफ्राम मात्र दर दीड वर्षाला शोधत फिरते.

पासिंगचं विचारतात तेही सांगून टाकते. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी आणि वर पर्यावरण कर. मागची 2024 ला झाली. पन्नास वर्षं झाल्यावर व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण मग रोज वापरायची नाही. म्हणजे 2034 पर्यंत माझी गाडी कायद्याने नुसती जुनी आहे, मानाची नाही.

मिस्त्री हा खरा प्रश्न, आणि तो कोणी विचारत नाही. विजापूर वेशीतले आमचे चाचा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू होता तेव्हा मी दुसऱ्या गॅरेजला नेली. पोरगं हुशार, स्कॅनर घेऊन आलं आणि जोडायची जागा शोधत डॅशबोर्डखाली दहा मिनिटं डोकं घालून बसलं. त्याला हसू नका. त्याचा जन्म हिच्या नंतरचा. शेवटी चाचांना रिक्षाने घरी आणलं. ते खुर्ची टाकून बॉनेटजवळ बसले, डोळे मिटून. पॉइंटचा, म्हणजे प्लगला ठिणगी केव्हा पडायची ते ठरवणाऱ्या जोडाचा, स्क्रू मी ढिला केला, मी फिरवला. "और थोडा. और. नहीं, ज्यादा हो गया बेटी, पीछे ले." इंजिन एका जागी येऊन शांत झालं. "बस. अब मत छेड." गणित शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण त्या दिवसाइतकं बिनचूक काही केल्याचं आठवत नाही. चाचांचं ऑपरेशन झालं, आता दिसतं. तरी पॉइंट मीच लावते आणि ते खुर्चीतून ओरडतात.

तुम्ही घ्यावी का? नका घेऊ. घरात एकच गाडी ठेवणार असाल तर मुळीच नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक, दाबायला पायात जोर लागतो, पुणे हायवेला मी पुढच्या ट्रकपासून इतकी लांब असते की मध्ये दुसरा ट्रक शिरतो. माझा मुलगा हँडल गियरला, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गियरला, हात लावत नाही. एक फायदा: चोरीची भीती नाही. चोराला पहिला गियर सापडेपर्यंत मी चप्पल घालून खाली येईन.

राहता राहिली काच. लेथवर बुश होतो, पिन होते, पण काच होत नाही. पुढची काच कुर्ल्याहून लक्झरी बसने आणली, दोन चादरीत गुंडाळून, रात्रभर गुडघ्यांशी उभी धरून. डाव्या दाराची ती छोटी त्रिकोणी, वारा घ्यायला उघडायची, तिच्या चौकटीची खिट्टी तुटली आहे. ओतीव धातू आहे, वेल्डिंग धरत नाही. सध्या नंबरप्लेटवाल्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा कापून बसवलाय. साठच्या पुढे गेलं की तो शिट्टी वाजवतो.

तुमच्या वाड्यात, मामाच्या गोठ्यात, कुठे पत्र्याखाली एखादी फियाट गंजत पडली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी जरा बघाल का? डावी, चौकटीसकट. उजव्या माझ्याकडे दोन आहेत, हवी तर एक घेऊन जा.