बसची वाट बघण्याचे पैसे

तासाला ११ पाउंड ४४ पेन्स, असं मी फोनवर सांगितलं आणि आप्पांनी तिकडे लगेच शंभरनं गुणलं. "अकराशेच्या वर की गं! तासाला?" इचलकरंजीत यंत्रमागावर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हा आकडा ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. मलाही छातीत जरा फुगल्यासारखं झालं होतं. एप्रिल २०२४ ची ही गोष्ट. एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराला ब्रिटनमध्ये त्या महिन्यापासून कायद्यानं एवढं द्यायलाच हवं होतं.

काम होमकेअरचं. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या, खाऊ घालायचं. एका भेटीला 'कॉल' म्हणतात. सकाळचा कॉल, जेवणाचा कॉल, चहाचा कॉल, झोपवायचा कॉल. विद्यार्थी व्हिसावर असलेली आपली बरीच मुलं-मुली हेच करतात. घरी मात्र 'पार्टटाइम जॉब आहे' एवढंच सांगतात.

माझा एक दिवस सांगते. साडेसहाला घर सोडलं. इंग्लंडमधल्या डडलीत एप्रिलमध्येही त्या वेळी खिशातून हात काढवत नाही. पहिल्या आजी चौऱ्याऐंशीच्या. त्यांना पलंगावरून उठवताना त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा चष्मा शोधत उशीखाली. आल्याबरोबर हजेरीसाठी फोनवर स्कॅन करायचं, निघताना पुन्हा स्कॅन. तीस मिनिटांचा कॉल म्हणजे तीसच मिनिटं. मग बसस्टॉपवर उभं राहायचं. पुढचं घर दोन मैलांवर, बस वीस मिनिटांनी. असे सहा कॉल अर्ध्या तासाचे आणि दोन पंधरा मिनिटांचे. सव्वादोनला घरी आले. घराबाहेर पावणेआठ तास, पगाराचे साडेतीन. हातात ४० पाउंड, त्यातून बसचा पास आपलाच.

हे आप्पांना सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तुझंबी पिकावरच हाय की."

ज्यांचं गाव मागांचं नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. इचलकरंजीत मजुरी ठरते ती 'बावन्न पिकाला मीटरमागे इतके पैसे' अशी. लाइट गेली, मजुरी गेली. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलं, की नव्या बीमचे धागे भरणारा वहिफणीवाला येईपर्यंत मागाशेजारी बसून राहा, त्याचे पैसे नाहीत. माणूस बारा तास कारखान्यात असतो, पण मोजलं जातं ते फक्त कापड. दर वाढवून मिळावा म्हणून तिथं मोर्चे निघालेले मी लहानपणापासून बघितलेत. पण बीमची वाट बघण्याचे पैसे कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

डडलीपासून बसनं थोड्याच अंतरावर क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथल्या बायका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरामागच्या शेडमध्ये लोखंडी साखळ्या घडवायच्या. मजुरी मालावर. भट्टीचा कोळसा ज्याचा त्यानं आणायचा. मध्ये दलाल, त्यांना 'फॉगर' म्हणत. आठवड्याला ५४ तास घण घालून हातात पाचेक शिलिंग. १९०९ मध्ये ट्रेड बोर्ड्स कायदा झाला आणि साखळी, शिवणकाम, लेस, पुठ्ठ्याची खोकी या चार धंद्यांत किमान दर ठरवायची सोय झाली. कायदा आणणारा मंत्री विन्स्टन चर्चिल. हो, तोच. बंगालच्या दुष्काळामुळे आपल्याला आठवतो तोच. राबूनही जगण्यापुरतं न मिळणं हे राष्ट्राचं दुखणं आहे, असं संसदेत सांगणारा माणूसही तोच होता. पचायला अवघड जातं, पण आहे.

१९१० मध्ये बायकांचा दर ठरला, तासाला अडीच पेन्स. जवळजवळ दुप्पट. पण कायद्यात पळवाट होती. कामगारानं लेखी संमती दिली तर मालकाला सहा महिने जुनाच दर देता येत होता. मालकांनी कागद पुढे केले. कित्येक बायकांना वाचता येत नव्हतं, त्यांनी सहीच्या जागी खूण केली. ज्यांनी नकार दिला त्यांना काम बंद. मेरी मॅकआर्थर ही बायकांच्या कामगार संघटनेची बाई तिथं येऊन उभी राहिली. दहा आठवडे संप चालला आणि बायका जिंकल्या. मदतनिधीतून उरलेल्या पैशांत कामगारांसाठी इमारत बांधली. ती आता विटा-विटांनी उचलून डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये आणून ठेवली आहे.

हे सगळं वाचल्यावर मला माझा फोन आठवला, स्कॅन करायचा. एका कॉलवरून दुसऱ्या कॉलला जायचा वेळ हा कामाचाच वेळ, असं इथला कायदा सांगतो. कायदा आहे, दर आहे, मोजणाराही आहे. फक्त मोजायचं यंत्र दाराच्या आत सुरू होतं आणि दारातच बंद होतं.

"प्रत्येक कामातून गरिबीबाहेर पडण्याइतकं मिळालंच पाहिजे, हे कसं परवडेल?" असं इथंही लोक विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. माझ्या कंपनीला पैसे यायचे ते बहुतांशी कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आणि कौन्सिलची तिजोरी रिकामी. मालक रोज मर्सिडीज घेऊन यायचा असंही नाही. पण मग न परवडणाऱ्या त्या बिलाचा उरलेला हिस्सा भरत कोण होतं? माझ्याबरोबरच्या एका इंग्लिश बाईला, दोन मुलांच्या आईला, युनिव्हर्सल क्रेडिट मिळायचं. तिच्या तुटपुंज्या पगारात सरकार भर घालत होतं. माझ्या व्हिसावर तर सरकारी मदत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. माझा हिस्सा आप्पांनी काढलेल्या कर्जातून जात होता. म्हणजे डडलीतल्या आजींच्या अंघोळीचे थोडे पैसे इचलकरंजीतून येत होते. याला परवडणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आपल्या घटनेच्या ४३ व्या कलमात 'निर्वाह वेतन' असा शब्द आहे. शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केला होता, पाच मार्कांना. निर्वाह म्हणजे किती तास धरायचे, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी ऑफिसला मेसेज केला होता, प्रवासाच्या वेळेचं काय म्हणून. उत्तर आलं, ते दरातच धरलेलं आहे. ११.४४ मध्ये कुठे धरलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात माझे कॉल कमी झाले. योगायोग असेल.

आता नोकरी वेगळी आहे, बरी आहे. गेल्या रविवारी म्युझियममध्ये गेले होते. एक माणूस लालभडक सळई वाकवून कडी जोडून दाखवत होता. व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग विचारलं, "कोळसा कुणाचा म्हनालीस?"

"बायकांचाच, आप्पा."

"आन् तुझ्या बसचं?"

"माझंच."

"हं," म्हणाले, आणि आईला हाक मारली, बघायला ये म्हणून.