खुर्चीची मोडकी दांडी

वेताच्या खुर्च्या विणणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या लेथवर्गाला आले. लेथ म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने गोल कातायचं यंत्र. पूर्ण अंध. वेताचं विणकाम हा अंध कारागिरांचा जुना व्यवसाय, आणि त्यांचा हात त्यात पक्का बसलेला. अडचण वेगळीच होती. दुरुस्तीला आलेल्या खुर्चीच्या पायांमधली आडवी दांडी बऱ्याचदा मोडलेली असते. तेवढ्यासाठी खुर्ची सुताराकडे न्यायची, ताटकळायचं आणि मजुरीतला वाटा द्यायचा. “दांडी मला कातता आली, तर अख्खी खुर्ची माझ्याच हातून होईल,” ते म्हणाले.

आमचा गट पुण्यात एका भाड्याच्या गाळ्यात भरतो. अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९८६ साली उभी राहिली आणि तिच्याशी जोडलेले क्लब गावोगावी आहेत. एकाने करून दाखवायचं, बाकीच्यांनी भोवती उभं राहून बघायचं, ही तिथली रीत आम्ही उचलली. तिची सगळी भिस्त बघण्यावर.

एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “काही झालं तर जबाबदारी कोणाची?” प्रश्न रास्त होता. पण माझं मत तेव्हाही ठाम होतं. गोल करवतीवर मी या गृहस्थांना उभं केलं नसतं. तिथे पातं फिरतं आणि लाकूड सारता सारता हात पात्याकडे जातो. लेथवर लाकूड फिरतं आणि हत्यार टेकूवर असतं. डाव्या हाताची कड टेकूच्या अलीकडे टेकलेली असली, की बोटं कुठे आहेत हे न बघताही कळतं.

लेथ बंद ठेवून त्यांनी सगळं हाताने चाचपलं. बाह्या दुमडल्या, गळ्यातली माळ बनियनच्या आत घातली, अंगठी काढली, तोंडावर फेस शील्ड चढवलं. बंद करायचं लाल बटण न शोधता सापडेपर्यंत त्यांना ते पुन्हापुन्हा दाबायला लावलं. सागाच्या चौकोनी तुकड्याच्या कडा आधीच मारून तो अठपैलू केला होता. तो हाताने पूर्ण फिरवून टेकूला कुठे घासत नाही ना, हे त्यांनीच तपासलं.

मग गोल पटाशी. धारेची पाठ आधी लाकडाला टेकवायची आणि मागची मूठ हळूहळू उचलायची, धार चावेपर्यंत. पहिल्यांदा माझे हात त्यांच्या हातांवर होते. टकटक असा पैलूंचा आवाज येत होता. पैलू गेले तसा तो विरत सलग झाला. “गोल झालं,” त्यांनी सांगितलं. लेथ थांबवून बघितलं, तर खरंच झालं होतं. त्या दिवसापासून सगळ्याच नवख्यांना मी आधी हा आवाज ओळखायला लावतो. डोळस माणूस उडणारा भुसा बघत बसतो आणि कान वापरतच नाही.

माप घ्यायला कॅलिपरऐवजी १९ मिलिमीटरचा पाना घेतला. टोकाचं कुसू, म्हणजे पायाच्या भोकात बसणारं बारीक टोक, थोडं कातायचं, लेथ पूर्ण थांबू द्यायचा, पाना लावून बघायचा. पाना चढला की माप आलं. ही युक्ती जुनी आहे, डोळस कारागीरही वापरतात.

दुसरं कुसू कातताना ते मधेच थांबले. “सर, हे आता कापत नाही, घासतंय.” मी लाकडाच्या आकाराकडे बघत होतो. त्यांनी मूठ पुढे केली: मघाशी मनगटावर पडणारे लांब, वळलेले छिलके जाऊन बारीक पूड यायला लागली होती. सागात सिलिका असते, धार लवकर मरते. पटाशी ग्राइंडरवर नेली, परत आणली, आणि पहिल्याच स्पर्शाला ते हसले.

दांडी खुर्चीत ठोकून बसवल्यावर त्यांनी खुर्ची चारी बाजूंनी हलवून बघितली आणि विचारलं, “मागचा पाय कातता येईल का?”

मागचा पाय जवळजवळ मीटरभर. आमच्या लेथच्या दोन टोकांत जेमतेम ४५० मिलिमीटर लाकूड बसतं. लेथचा पाट वाढवायला जोडतुकडा लागेल. शिवाय लांब, बारीक लाकूड मधेच थरथरतं, म्हणून आधाराला स्टेडी रेस्टही हवी. ती मी स्केटच्या चाकांची करतोय. जोडतुकड्यासाठी वर्गणीची यादी त्याच ज्येष्ठ सभासदांनी हातात घेतली आहे.