अजिंठा-वेरूळ : बसभर मंडळींना घेऊन जाताना

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची अजिंठा-वेरूळची सहल गेल्या हिवाळ्यात पार पडली. पुढे असाच गट घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. सहलीचा आराखडा आखताना सर्वांत आधी वार पाहावेत, कारण अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. त्यात सोमवारी वेरूळला जायचे ठरवल्यास अजिंठ्याऐवजी तिकडे वळलेले पर्यटक आणि शेजारच्या घृष्णेश्वराला सोमवारच्या दर्शनासाठी आलेले भाविक अशी दुहेरी गर्दी वाट्याला येते. म्हणून आम्ही बुधवारी अजिंठा आणि गुरुवारी वेरूळ असा क्रम ठेवला आणि तो सोयीचा ठरला.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे. आपली बस थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उभी करावी लागते आणि उरलेले सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. धूर आणि वर्दळ लेण्यांपासून दूर राहावी, यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. मात्र आपल्या बसमधली सगळी मंडळी त्या एकाच फेरीत मावतील असे गृहीत धरू नये. आमचा गट दोन फेऱ्यांत विभागला गेला, पण दोन्ही तुकड्यांना एकेक म्होरक्या आधीच नेमून दिलेला असल्याने हाकाटी झाली नाही. टी-पॉइंटवरच्या दुकानांतली काही मुले हातात चमकते दगड ठेवून, ‘परत येताना आमच्याच दुकानात या’ असे वचन घेऊ पाहतात. त्यांना जातानाच हसून नकार द्यावा, म्हणजे परतीला ओढाताण होत नाही. स्वच्छतागृहाचे काम टी-पॉइंटवर किंवा तिकीटघराजवळच उरकून घ्यावे.

खरी कसोटी त्यापुढे लागते. बसभर माणसे एकदम येतात, पण लेणी काही बसभर माणसांसाठी कोरलेली नाहीत. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतल्या चित्रांना माणसांच्या श्वासातला ओलावा आणि झगझगीत प्रकाश सोसत नाही, म्हणून आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. प्रत्येक गट पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे रांग तिथेच साचते. आम्ही अर्धी मंडळी आधी सव्विसाव्या लेण्याकडे पाठवली, जिथे भिंतीलगत पहुडलेली बुद्धाची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, आणि उरलेल्यांना पहिल्या लेण्यापासून नेले. मार्गदर्शकाने सारे विवेचन व्हरांड्यातच करावे आणि आत केवळ बोट दाखवावे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर पोहोचल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही क्षण लागतात. मागून ढकलाढकल झाली, तर झुकलेल्या पापण्या आणि हातातले निळे कमळ दिसण्याआधीच माणूस बाहेर पडतो. जोडे काढावे लागतात, म्हणून जाड मोजे जवळ असावेत. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोली मिळते, मात्र दर आणि कुठवर नेणार हे बसण्यापूर्वीच पक्के करावे.

वेरूळचे गणित वेगळे आहे. येथे 34 लेणी असून ती डोंगराच्या कडेने सुमारे दोन किलोमीटर पसरली आहेत. बौद्ध लेणी 1 ते 12, हिंदू 13 ते 29 आणि जैन 30 ते 34, अशी क्रमवारी आहे. फाटकातून आत गेल्यावर सोळाव्या क्रमांकाचे कैलास समोरच लागते, म्हणून बहुतेक सहली तेवढेच पाहून परततात. माझ्या मते हा चुकीचा क्रम आहे. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्याने कैलासाच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते. सकाळी जैन लेण्यांकडे जावे, नंतर दहाव्या लेण्यात लाकडी तुळयांची नक्कल करून कोरलेले दगडी छत पाहावे आणि कैलास शेवटी ठेवावे. जैन लेण्यांकडचे अंतर वयस्करांना चालवत नाही, त्यामुळे तिकडे जाण्या-येण्याच्या वाहनाची चौकशी तिकीट काढतानाच करावी.

तिकिटे ऑनलाइन काढल्यास भारतीयांना थोडी सवलत मिळते आणि 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे नातवंडांची गणना वेगळी ठेवावी. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढूनच प्रवेश मिळतो, हे बसमध्येच सांगावे. आमच्याकडे दोघांनी दारातूनच नमस्कार केला. परतीला दौलताबाद घ्यायचे असेल, तर किल्ला चढणाऱ्यांसाठी वेळ राखून बाकीच्यांना चहाला बसवावे, कारण सगळ्यांना वरपर्यंत नेण्याचा हट्ट धरल्यास शेवटचा माणूस अंधार पडल्यावरच खाली उतरतो.